‘स्कॉर्पियन’ : एका रॅपर स्त्रीचा दुसरा अल्बम आणि श्रेयाचा हिशेब

अमेरिकेतील रॅप संगीताच्या इतिहासात ‘स्कॉर्पियन’ या अल्बमची नोंद बहुधा एका गाण्याच्या निमित्ताने होते आणि त्या गाण्याचे नाव सांगून झाले की विषय संपतो. फिलाडेल्फिया शहरातील ईव्ह जिहान जेफर्स, जी केवळ ‘ईव्ह’ या नावाने ओळखली जाते, तिचा हा दुसरा अल्बम मार्च २००१ मध्ये प्रकाशित झाला. पहिल्याच आठवड्यात तो बिलबोर्डच्या अल्बम-यादीत चौथ्या क्रमांकावर दाखल झाला, त्यातील ‘लेट मी ब्लो या माइंड’ हे गाणे ‘हॉट १००’ या सर्वसाधारण गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले, पुढच्या वर्षी त्या गाण्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि अल्बमला प्लॅटिनमचे प्रमाणपत्रही लाभले. बाजारातील यशाचा हा तपशील खरा असला तरी अल्बमचे खरे महत्त्व त्यापलीकडचे आहे. पुरुषांच्या टोळीतील एकुलती एक स्त्री म्हणून जिची ओळख करून देण्यात आली होती, तिने या अल्बमद्वारे स्वतःच्या कामाचे श्रेय स्वतःच्या नावावर जमा करून घेतले. ते तिला कितपत साधले आणि कोठे साधले नाही, हे पाहिल्याशिवाय त्या यशाची किंमत कळत नाही.

त्यासाठी आधी या संगीताची घडण थोडी समजून घ्यावी लागते. रॅप म्हणजे ठेक्यावर, यमकांच्या दाट साखळीत, बोलण्याच्या लयीत म्हटलेला मजकूर. हिप-हॉप ही न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७० च्या दशकात कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकन वस्त्यांमधून उभी राहिलेली व्यापक संस्कृती, आणि रॅप हे तिचे शाब्दिक अंग. या संस्कृतीत स्त्रिया पाहुण्या म्हणून नंतर आल्या, असा समज रूढ असला तरी तो चुकीचा आहे. ब्राँक्समधील ‘फंकी फोर प्लस वन’ या गटात चार पुरुषांबरोबर शा-रॉक ही स्त्री रॅप करीत असे आणि फेब्रुवारी १९८१ मध्ये हा गट ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या देशभर दिसणाऱ्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात झळकला, तेव्हा रॅपच्या अनेक गाजलेल्या पुरुषांची नावेही लोकांना ठाऊक नव्हती. १९८४ मध्ये क्वीन्सब्रिजच्या वसाहतीतील चौदा वर्षांच्या रॉक्सॅन शांटेने पुरुषांच्या एका गाण्याला जे चोख प्रत्युत्तर दिले, त्यातून उत्तर-प्रत्युत्तराच्या ध्वनिमुद्रिकांची मालिकाच सुरू झाली. पुढे सॉल्ट-एन-पेपा, एमसी लाइट आणि क्वीन लतीफा यांनी स्त्रियांचे अल्बम खपतात हे दाखवून दिले आणि १९९४ मध्ये शिकागोच्या डा ब्रॅटचा ‘फंकडिफाइड’ हा एकल रॅपर स्त्रीचा प्लॅटिनमपर्यंत पोहोचलेला पहिला अल्बम ठरला.

मात्र १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात या क्षेत्राची आर्थिक रचना बदलली आणि तिच्याबरोबर स्त्रीची जागाही बदलली. रॅपचा व्यवसाय आता टोळ्यांच्या हाती गेला. ‘क्रू’ म्हणून ओळखली जाणारी ही टोळी म्हणजे एखादा यशस्वी रॅपर वा निर्माता, त्याचे शहरातील साथीदार आणि त्या सर्वांची मिळून एक ध्वनिमुद्रण कंपनी. अशा प्रत्येक टोळीत एक स्त्री असे आणि तिला ‘फर्स्ट लेडी’ म्हटले जाई. नॉटोरियस बीआयजीच्या भोवतालच्या ज्युनियर माफियात लिल किम होती, नो लिमिटमध्ये मिया एक्स, फ्लिपमोड स्क्वॉडमध्ये राह डिगा, थ्री सिक्स माफियात गँगस्टा बू आणि रॉक-अ-फेलामध्ये अमिल. या रचनेचा लाभ उघड होता, कारण टोळीचा श्रोता आपोआप तिचाही श्रोता होई. तोटा मात्र सावकाश उघडा पडे: एका टोळीत एकीलाच जागा असल्याने दोन स्त्रियांनी एकत्र काम करण्यापेक्षा त्यांच्यात स्पर्धा लावणे सर्वांना सोयीचे वाटे, तिचे शब्द टोळीतल्या कोणा पुरुषानेच लिहिले असणार, ही कुजबुज तिच्या पाठीशी कायम राही आणि टोळीचे दिवस फिरले की तिचेही फिरत.

ईव्हचा जन्म १० नोव्हेंबर १९७८ रोजी वेस्ट फिलाडेल्फियात झाला. शाळकरी वयात ती मुलींच्या गाणाऱ्या गटात होती आणि पुढे गाणे सोडून रॅपकडे वळली. फिलाडेल्फिया हे न्यूयॉर्कपासून गाडीने दोनेक तासांवरचे शहर. १९७० च्या दशकातील सोल संगीताचा एक संपूर्ण घाट या शहराच्या नावाने ओळखला जातो, पण रॅपमध्ये मात्र न्यूयॉर्कच्या सावलीत राहण्याचा त्याला सल होता. तरुण ईव्हला पहिली मोठी संधी देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसमध्ये मिळाली. डॉ. ड्रे या नामवंत निर्मात्याने १९९६ मध्ये स्थापन केलेल्या आफ्टरमॅथ या कंपनीने तिच्याशी करार केला आणि १९९८ मधील ‘बुलवर्थ’ या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेत तिचे एक गाणे समाविष्टही झाले. येथे ‘निर्माता’ म्हणजे केवळ पैसे घालणारा नव्हे. रॅपमध्ये प्रोड्यूसर हा गाण्याचा ठेका, वाद्ये आणि पोत घडवणारा, म्हणजे आपल्याकडील संगीतकार व संगीत-संयोजक या दोघांची कामे एकत्र करणारा कलावंत असतो. पण आफ्टरमॅथमध्ये अल्बम झालाच नाही, करार पुढे चालू ठेवण्यात आला नाही आणि विशीही न गाठलेली ही मुलगी फिलाडेल्फियाला परतली.

याच सुमारास घडलेली आणखी एक गोष्ट तिच्या पुढील वाटचालीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. फिलाडेल्फियाच्याच ‘द रूट्स’ या गटाच्या ‘यू गॉट मी’ या १९९९ मधील गाण्यात स्त्री-पात्राच्या तोंडचा रॅप ईव्हचा आहे, परंतु गाण्याच्या नावाबरोबर तिचे नाव लागले नाही. त्या गाण्याच्या ध्रुवपदाच्या लेखनात जिचा मोठा वाटा होता ती जिल स्कॉट ही गायिकाही फिलाडेल्फियाचीच. मात्र ध्वनिमुद्रिकेत ते ध्रुवपद एरिका बाडू या तेव्हा अधिक प्रसिद्ध असलेल्या गायिकेने गायले. गाण्याला ग्रॅमी मिळाला तो द रूट्स आणि बाडू यांच्या नावे. एकाच गाण्यात एकाच शहरातील दोन तरुण स्त्रियांचे काम ऐकू येते आणि दर्शनी नावांमध्ये दोघीही नाहीत, ही बाब कोणा एकाच्या दुष्टाव्याची नसून या व्यवसायाच्या चालीरीतीची आहे: जिचे नाव बाजारात चालत नाही, तिचे नाव छापण्याची तातडी कोणालाच वाटत नाही.

न्यूयॉर्कलगतच्या याँकर्स शहरातील रफ रायडर्स या टोळीने तिला आसरा दिला. जोआक्विन, डॅरिन आणि शिव्हॉन डीन या भावंडांची ही कंपनी. म्हणजे टोळीच्या चालकांमध्ये एक बहीण होती, याकडे सहसा दुर्लक्ष होते. टोळीचा अग्रणी डीएमएक्स याचे १९९८ या एकाच वर्षात दोन अल्बम पहिल्या क्रमांकावर गेले होते, डीन भावंडांचा पुतण्या स्विझ बीट्झ हा विशीतला निर्माता कीबोर्डवर बोटांनी वाजवलेल्या खणखणीत, ओबडधोबड ठेक्यांनी न्यूयॉर्कच्या रॅपचा आवाज बदलत होता आणि अशा वातावरणात ईव्हला पुरुषांच्या बैठकीत उभे राहून, समोरासमोर रॅप करून आपली जागा मिळवावी लागली. सप्टेंबर १९९९ मध्ये आलेला तिचा पहिला अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर गेला आणि पहिल्या आठवड्यात त्याच्या दोन लाखांहून अधिक प्रती खपल्या. लॉरिन हिल आणि फॉक्सी ब्राउन यांच्यानंतर असे यश मिळवणारी ती तिसरी रॅपर स्त्री. मात्र त्या अल्बमच्या लांबलचक नावातच ‘रफ रायडर्सची फर्स्ट लेडी’ हे शब्द होते, मुखपृष्ठावर टोळीची मोहोर होती आणि ठेके जवळजवळ सर्व स्विझचे होते.

तरीही त्या अल्बममध्ये एक गाणे असे होते की ज्यामुळे टोळीची चौकट तिला पुरणार नाही हे स्पष्ट झाले. ‘लव्ह इज ब्लाइंड’ हे गाणे जोडीदाराकडून मारहाण सोसणाऱ्या मैत्रिणीविषयी आहे. निवेदक स्त्री त्या मारणाऱ्या पुरुषाला उद्देशून बोलते, मैत्रिणीच्या मृत्यूपर्यंत गोष्ट नेते आणि शेवटी सूड घेते. गाण्याचा जोर त्यातील गोळीबारात नाही, तर मैत्रीण परत परत त्याच घरात का जाते हे न समजल्याच्या चिडीत आहे. घरगुती हिंसेविषयी बोलणाऱ्या पुष्कळ लेखनात ही चीड सभ्यतेपोटी लपवली जाते, ईव्हने ती लपवली नाही.

दुसऱ्या अल्बमची जोखीम तिच्या आधीच्या सर्व यशस्वी स्त्रियांच्या उदाहरणांतून दिसत होती. लॉरिन हिलला १९९८ मधील ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’साठी वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला, पण त्यानंतर स्टुडिओत घडवलेला तिचा दुसरा अल्बम आलाच नाही. फॉक्सी ब्राउनचा दुसरा अल्बम ‘चायना डॉल’ जानेवारी १९९९ मध्ये पहिल्या क्रमांकावर दाखल झाला आणि त्याच वेगाने खाली घसरला. मिसी एलियटने १९९९ मधील ‘डा रिअल वर्ल्ड’मध्ये पहिल्या अल्बमपेक्षा अधिक काळोखा सूर धरला आणि तो तिला पेलला, कारण तिच्याबरोबर टिंबलँड हा निर्माता होता आणि ती स्वतःही निर्माती होती. लिल किमचा ‘द नॉटोरियस के.आय.एम.’ जून २००० मध्ये चौथ्या क्रमांकावर आला व प्लॅटिनम झाला, परंतु त्याच्या नावातही १९९७ मध्ये मारल्या गेलेल्या तिच्या मार्गदर्शकाचीच सावली होती. या चौघींपैकी कोणाचाही मार्ग ईव्हला जसाच्या तसा उपयोगी नव्हता. टोळी सोडावी तर श्रोता जाण्याचा धोका, टोळीतच राहावे तर पहिलाच अल्बम पुन्हा काढल्यासारखे होणार.

तिने काढलेली वाट अशी की टोळी न सोडता अल्बमचे केंद्र टोळीबाहेर नेले. नाव स्वतःच्या राशीवरून, वृश्चिकेवरून घेतले. त्यात रफ रायडर्सचा उल्लेख नाही. स्विझचा वाटा कमी करून निरनिराळ्या निर्मात्यांना बोलावले. ‘हूज दॅट गर्ल?’ हे आधी प्रसिद्ध केलेले गाणे तर ओळखीचाच प्रश्न घेऊन येते. त्यातील समूहस्वर विचारतो की ही मुलगी कोण, आणि मधल्या कडव्यांत ती उत्तर देते. हे गाणे ऐकताना पहिल्या अल्बमच्या नावाची आठवण ठेवली तर लक्षात येते की जो प्रश्न आधी टोळीने परस्पर सोडवून टाकला होता, तो तिने पुन्हा उघडला आहे.

‘लेट मी ब्लो या माइंड’ या गाण्याकडे जवळून पाहणे आवश्यक आहे. ते घडवले डॉ. ड्रे आणि स्कॉट स्टॉर्च यांनी. ज्या कंपनीत तिचा अल्बम होऊ शकला नव्हता, तिच्याच मालकाकडे ती आता बाहेरची यशस्वी कलावंत म्हणून गेली होती. आणि स्टॉर्च हा पूर्वी द रूट्ससाठी कीबोर्ड वाजवणारा, म्हणजे तिच्याच शहराच्या वर्तुळातला होता. गाण्याची गती मध्यम, जवळजवळ आळसावलेली आहे. स्विझच्या ठेक्यात रिकामी जागा फारशी सापडत नाही, तर येथे ठोका पडतो, वाद्याचा एक छोटा बोल येतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत मोकळी जागा राहते. या मोकळ्या जागेत ईव्हचा जाडसर, खालच्या पट्टीतला आवाज ठेवलेला आहे. रॅपचे कडवे साधारणपणे सोळा ‘बार’चे मानतात आणि एका बारमध्ये चार मात्रा धरतात, म्हणजे चौसष्ट मात्रा, तीनतालाची चार आवर्तने. पट्टीचा तबलजी बोल समेच्या किंचित मागे ठेवून श्रोत्याला ताटकळत ठेवतो, तसे ईव्ह ओळीचा शेवटचा शब्द ठोक्याच्या जरा मागे सोडते आणि त्यामुळे तिच्या बोलण्यात घाई नसलेला अधिकार येतो. मजकूर आहे तो तिच्याविषयी कुजबुजणाऱ्या आणि तिची नक्कल करणाऱ्या लोकांविषयीचा. पहिल्या अल्बममध्ये अशा विषयावर ती आवाज चढवत असे, येथे ती केवळ सांगते.

ध्रुवपद गायले आहे ग्वेन स्टेफनीने. ती कॅलिफोर्नियातील ‘नो डाउट’ या रॉक गटाची गोरी गायिका, तोवर तिने स्वतःच्या नावाने एकही अल्बम केलेला नव्हता. तिला घेण्याची कल्पना ईव्हची होती आणि आजूबाजूच्या मंडळींना हा मेळ जमेल असे वाटत नव्हते, असे ईव्हने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. ती शंका व्यवसायाच्या दृष्टीने समजण्यासारखी होती, कारण अमेरिकेतील नभोवाणी केंद्रे तेव्हा श्रोत्यांच्या वर्णानुसार जवळजवळ वाटून घेतलेली होती. रॉक वाजवणारे केंद्र ईव्हचे गाणे लावणार नाही आणि रॅप वाजवणारे केंद्र स्टेफनीला ओळखणार नाही, अशी भीती होती. घडले ते उलट. गाणे दोन्हीकडे वाजले. फिलिप अॅटवेलने दिग्दर्शित केलेल्या चित्रफितीत या दोघी उच्चभ्रूंच्या मेजवानीत घुसतात, गोंधळ उडवतात, पोलिसांच्या ताब्यात जातात आणि डॉ. ड्रे जामीन भरून त्यांना सोडवतो. या शेवटच्या प्रसंगाविषयी मात्र आक्षेप नोंदवावासा वाटतो. जी चित्रफीत दोन स्त्रियांच्या उच्छादावर उभी आहे, तिच्यात सुटका करायला पुरुष मालकच येतो. गाण्याच्या मजकुरात जे कोठेही नाही ते चित्रात घुसते. तरीही सप्टेंबर २००१ मध्ये एमटीव्हीने स्त्री-कलावंताच्या सर्वोत्तम चित्रफितीचा पुरस्कार तिलाच दिला.

फेब्रुवारी २००२ मध्ये ग्रॅमीने रॅप आणि गायन यांच्या एकत्रित गाण्यासाठी नवा विभाग सुरू केला आणि त्याचा पहिला पुरस्कार ईव्ह व स्टेफनी यांना मिळाला. या विभागाची गरज निर्माण झाली होती, कारण रॅपची कडवी व गायलेले ध्रुवपद यांचा साचा बाजारात पक्का बसत चालला होता. परंतु त्या साच्यात एक श्रमविभागणी ठरून गेली होती: पुरुष बोलणार, स्त्री गाणार, पुरुषाकडे गोष्ट, स्त्रीकडे हळवेपणा. पुढील दोन वर्षांची पारितोषिके पाहिली की हे सरळ दिसते. २००३ मध्ये नेली आणि केली रोलंड यांचे ‘डिलेमा’, २००४ मध्ये बियॉन्से आणि जे-झी यांचे ‘क्रेझी इन लव्ह’. या रांगेच्या आरंभी मात्र असे गाणे उभे आहे, ज्यात बोलणारीही स्त्री आणि गाणारीही स्त्री आहे, आणि दोघी एकमेकींशी प्रेमाविषयी नव्हे तर धंद्यातील आपल्या उभे राहण्याविषयी बोलत आहेत. विभागाचा पाया ज्या गाण्याने घातला गेला, ते त्या विभागातील अपवाद ठरावे, हे या अल्बमविषयीचे सर्वांत बोलके निरीक्षण आहे. त्याच समारंभात ‘स्कॉर्पियन’ला सर्वोत्तम रॅप अल्बमसाठी नामांकन होते, पुरस्कार आउटकास्टच्या ‘स्टँकोनिया’ला गेला, आणि तो अल्बम अधिक सलग व अधिक धाडसी असल्याने त्या निर्णयावर बोट ठेवता येत नाही.

कारण ‘स्कॉर्पियन’ सलग नाही. डीएमएक्स, द लॉक्स आणि ड्रॅग-ऑन यांच्याबरोबरची गाणी ही टोळीची देणी फेडल्यासारखी वाटतात. त्यांतील ठेके दोन वर्षांपूर्वीचे आणि ईव्ह स्वतःच्याच अल्बममध्ये बाजूला सरकून उभी. याउलट ‘गँगस्टा बिचेस’ या गाण्यात शिकागोची डा ब्रॅट आणि मायामीची ट्रिना तिच्याबरोबर आहेत. शीर्षकातील शिवी ही पुरुषांच्या रॅपमध्ये स्त्रीसाठी सर्रास वापरली जाणारी शिवी असून या तिघी ती स्वतःहून अंगावर घेतात. अशा वापराने शिवीची धार जाते की तिला मान्यता मिळते, याविषयी कृष्णवर्णीय स्त्रीवादी लेखिकांमध्ये दीर्घ वाद आहे आणि तो या एका गाण्याने मिटणारा नाही. पण टोळीगणिक एकच स्त्री या रिवाजाच्या काळात तीन शहरांतील तीन स्त्रिया एका गाण्यात बरोबरीने उभ्या राहिल्या, ही गोष्ट मोलाची. ‘लाइफ इज सो हार्ड’मध्ये तिने टीना मेरी या १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सोल गाणाऱ्या ज्येष्ठ गायिकेला बोलावले, तेथे अल्बमचा सूर एकदम प्रार्थनेकडे झुकतो.

‘नो, नो, नो’ हे बॉब मार्लीचे पुत्र स्टीफन व डेमियन यांच्याबरोबरचे गाणे श्रेयाच्या प्रश्नासाठी स्वतंत्रपणे पाहण्याजोगे आहे. त्याचा आधार जमैकाच्या डॉन पेन या गायिकेचे १९६७ मधील गाणे. तेच तिने १९९४ मध्ये नव्याने गाऊन जगभर लोकप्रिय केले. पण डॉन पेनच्या गाण्याचा धागा विली कॉब्ज या अमेरिकन ब्लूज गायकाच्या १९६० च्या गाण्याशी आणि त्याच्याही मागे बो डिडलीच्या १९५५ च्या गाण्याशी जोडलेला आहे. आधीचे दोन पुरुष, मग एक स्त्री, मग तिची दुसऱ्या देशातील वारसदार, असा हा प्रवास होतो. डॉन पेनने मूळ गाण्यातील पुरुषाची तक्रार स्त्रीच्या तोंडी घातली आणि तेवढ्याने गाण्याचा अर्थ फिरला. ईव्हने ती तक्रार पुन्हा बदलून तिच्यात रॅपची कडवी भरली.

आता खपाचा विचार. १९९१ पासून बिलबोर्डची अल्बम-यादी दुकानांतील बारकोडवर नोंदलेल्या प्रत्यक्ष विक्रीवरून ठरू लागली; त्यापूर्वी दुकानदारांच्या सांगण्यावर भिस्त असे. या बदलानंतरच रॅप किती खपते याचे खरे चित्र पुढे आले. ध्वनिमुद्रण उद्योगाची संघटना पाच लाख प्रतींना ‘गोल्ड’ आणि दहा लाखांना ‘प्लॅटिनम’ हे प्रमाणपत्र देते, परंतु त्या काळी ते दुकानांकडे रवाना झालेल्या प्रतींच्या आधारे दिले जाई. अमेरिकेतील सीडीचा धंदा १९९९ च्या सुमारास शिगेला पोहोचला आणि नंतर, संगणकावरून गाणी फुकट उतरवून घेण्याची सोय झाल्यावर, उतरणीला लागला. ‘स्कॉर्पियन’ नेमका त्या कड्याच्या टोकावर आला. त्यामुळे पहिल्या अल्बमचे दुहेरी प्लॅटिनम आणि दुसऱ्याचे एकेरी, या आकड्यांवरून लोकप्रियता घटली असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. गाण्याचा पल्ला उलट कितीतरी वाढला होता.

शिवाय अल्बम खपला म्हणजे कलावंताला पैसे मिळाले, असेही नसते. कंपनी आगाऊ रक्कम देते, स्टुडिओचा, निर्मात्यांचा, चित्रफितीचा खर्च करते आणि त्यातील बराचसा भाग कलावंताच्या मानधनातून आधी वळता करून घेते. तो फिटेपर्यंत कलावंताच्या खात्यात विक्रीचे काही जमा होत नाही. ‘टीएलसी’ या तीन स्त्रियांच्या गटाने १९९५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा त्यांचा अल्बम देशातील सर्वाधिक खपणाऱ्या अल्बमांपैकी एक होता. यशस्वी अल्बम कलावंताला प्रत्यक्षात जे देतो ते पुढच्या वाटाघाटीतील बळ: दौऱ्याची बिदागी, जाहिराती, चित्रपट. ईव्हने ते बळ तातडीने वापरले. २००२ मध्ये ‘बार्बरशॉप’ आणि ‘ट्रिपल एक्स’ या चित्रपटांत ती दिसली आणि २००३ ते २००६ या काळात तिच्याच नावाची विनोदी मालिका दूरचित्रवाणीवर चालली. या मार्गावर क्वीन लतीफाने आधीच पाऊल टाकले होते. रॅपर स्त्रीला म्हातारपणापर्यंत रॅपवर जगता येईल याची खात्री या व्यवसायाने कधी दिली नाही, म्हणून या स्त्रियांनी वेळीच दुसरी घरे बांधली.

श्रेयाचा प्रश्न याच काळात, याच आफ्टरमॅथ कंपनीच्या दारात, थेट मुंबईहून येऊन उभा राहिला. ट्रुथ हर्ट्स या गायिकेचे ‘अॅडिक्टिव्ह’ हे २००२ मधील गाणे डीजे क्विकने घडवले आणि त्यात ‘ज्योती’ या १९८१ मधील हिंदी चित्रपटातील, बप्पी लाहिरी यांनी संगीत दिलेल्या व लता मंगेशकर यांनी गायलेल्या ‘थोडा रेशम लगता है’ या गाण्याचा मोठा तुकडा परवानगीशिवाय वापरला होता. ध्वनिमुद्रित तुकडा उचलून नव्या गाण्यात बसवण्याच्या या पद्धतीला ‘सॅम्पलिंग’ म्हणतात. ती हिप-हॉपच्या मुळाशी आहे आणि तिने संगीताला पुष्कळ दिले आहे, पण परवानगी व नाव यांशिवाय ती दुसऱ्याच्या कष्टांवरची मालकी बनते. लताबाईंचा आवाज अमेरिकेतील नभोवाणीवर महिनोन्‌महिने वाजला आणि वेष्टनावर त्यांचे नाव नव्हते. अखेर २००३ च्या आरंभी लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने लाहिरी यांचे नाव दिल्याशिवाय अल्बम विकता येणार नाही, असा मनाई हुकूम दिला. फिलाडेल्फियाच्या नवख्या मुलीचे नाव गळणे आणि जिचा आवाज भारतात घरोघरी ओळखला जातो तिचे नाव गळणे, यांतील कारण एकच आहे: त्या बाजारात ज्याचे वजन नाही, त्याचा उल्लेख करण्याची गरज भासत नाही. लताबाईंनी भारतात ध्वनिमुद्रिकांच्या मानधनातील वाट्यासाठी १९६० च्या दशकात केलेला आग्रह ज्यांना आठवतो, त्यांना या प्रकरणातील विसंगती अधिक टोचेल.

‘स्कॉर्पियन’नंतर ईव्हचा तिसरा अल्बम २००२ मध्येच आला, त्यातील अॅलिशिया कीजबरोबरचे ‘गँगस्टा लव्हिन’ हे गाणेही दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले आणि त्यातही बोलणारी व गाणारी दोघी स्त्रियाच होत्या. २००४ मध्ये स्टेफनीने स्वतःच्या पहिल्या एकल अल्बममध्ये ‘रिच गर्ल’ या गाण्यासाठी ईव्हला बोलावले आणि निर्माता पुन्हा डॉ. ड्रे होता, या वेळी पाहुणी ईव्ह होती. त्यानंतर मात्र तिचा पुढचा अल्बम कंपन्यांच्या अदलाबदलीत वर्षानुवर्षे रखडला, जाहीर झालेल्या तारखा टळत गेल्या, आणि या काळात तिच्या मागून आलेल्या रॅपर स्त्रियांच्या एका संपूर्ण पिढीने बाजारात जागा घेतली. ‘लिप लॉक’ हा चौथा अल्बम २०१३ मध्ये, अकरा वर्षांच्या खंडानंतर आला. तो तिने ‘फ्रॉम द रिब’ या स्वतःच्या कंपनीतर्फे काढला होता, आणि बिलबोर्डच्या यादीत तो ४६ व्या क्रमांकापर्यंत गेला.